चारूचा डावा कान

पारोळ्याच्या पुढे महामार्ग सोडून तीन किलोमीटर आत गेलं की जे गाव लागतं, त्या गावात कुंदाबाईला नावं ठेवणारं माणूस दिवा घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही. बत्तीस वर्षं झाली, तिथली अंगणवाडी ती चालवते. गावातली निम्मी तरणी पोरं तिच्या काट्यावर तोललेली, तिच्या हातची खिचडी खाऊन वाढलेली. पण तिचं खरं नाव झालं ते कानांमुळे.

झालं असं, की नोकरीच्या अगदी सुरुवातीला पुना म्हणून एक सालदार होता, त्याचा पोरगा चार वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. गावानं त्याला मुका ठरवून टाकलं होतं. कुंदाबाई त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि पितळी ताटलीवर चमचा वाजवला. बाकीची सगळी पोरं वळून बघायला लागली. तो पाटीवर रेघोट्या मारत बसला. "मुका नाही, त्याला ऐकूच येत नाही," असं म्हणून बाई स्वतः त्याला एसटीत घालून धुळ्याला घेऊन गेली. तेव्हापासून दरवर्षी जूनमध्ये प्रत्येक पोराच्या मागे ताटली वाजते. अकरा पोरांचे कान तिनं वेळेवर पकडले. पंचायत समितीनं त्याबद्दल दिलेलं प्रशस्तिपत्र तिच्या घरात पिठाच्या डब्यांवर काचेत लावलेलं आहे.

आणि तिच्या स्वतःच्या लेकीला, चारुलताला, डाव्या कानानं काडीचं ऐकू येत नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं कोणी म्हणेल. पण तो कळसा कुणाला दिसलाच नाही असं नव्हतं. एका माणसाला दिसला होता. ते कुणाला माहीत नाही, आणि तेच कुंदाबाईच्या जिवाला खातं.

दोन लेकरं तिला. पहिला हितेंद्र. हा जन्मला तोच आरडाओरडा करत. दूध थोडं उशिरा मिळालं की निळा पडेपर्यंत रडायचा, मिळालं की ओकायचा, आणि पुन्हा रडायचा. चालायला लागला तो विहिरीच्या दिशेनं. कुंदाबाईची सासू हसून म्हणायची, "बठ्ठा बापवर गया शे." तिचा रतिलाल, म्हणजे कुंदाबाईचा नवरा, तोही लहानपणी असाच. एकदा म्हणे जत्रेत भोंगा घेऊन दिला नाही म्हणून हा गडी धुळ्याच्या रस्त्यावर आडवा पडला होता आणि एसटी थांबवावी लागली होती. आता तोच रतिलाल इतका मवाळ झालाय की कपाशीतलं तणसुद्धा माफी मागून उपटेल. पण बी पेरलं गेलं ते गेलंच.

दोन वर्षांनी चारू झाली. तिनं चार महिन्यांतच आईला रात्रभर झोप दिली. जिथं बसवाल तिथं बसायची. भावानं हातातला गूळ ओढून घेतला तर हाताकडे बघायची, चिकटलेला चाटायची आणि गप्प. "तुनी आंडेर म्हणजे गाय शे," अंगणवाडीतली मदतनीस मंजुळाबाई म्हणायची, "आन आंडोर म्हणजे गायना मांगे लागेल कुत्रं." लेकीला गाय आणि लेकाला कुत्रं म्हटलेलं ऐकून सगळे हसायचे. कुंदाबाई हसायची आणि मनात सुखावायची, कारण ही गाय कुठून आली ते तिला पक्कं ठाऊक होतं.

ती स्वतःच तशी होती. सात भावंडांतली पाचवी. सगळ्यांचं वाढून झालं की पातेल्यात जे उरेल ते तिचं. एकदा टाचेत बाभळीचा काटा घुसला, तर अकरा दिवस तिनं सांगितलं नाही. आई कापूस वेचायला जायची, दमून यायची, तिला कशाला ताप. बाराव्या दिवशी पाय भोपळ्यासारखा सुजला तेव्हा आईनं आधी कानाखाली दिली, मग रडली. त्या अकरा दिवसांत रोज संध्याकाळी कुंदा उंबऱ्यात पाय पुढे करून बसायची. सांगायचं नव्हतं, पण कोणीतरी बघावं असं फार वाटायचं. ते वाटणं तिला आजही आठवतं. म्हणजे गप्प पोरीच्या पोटात काय चालतं हे जगात एका बाईला नक्की माहीत होतं, आणि ती बाई चारूची आई होती.

तरी तिनं काय केलं? चारूकडे बघून तिला निश्चिंत वाटायचं. ही माझ्यासारखी आहे, हिला काही लागत नाही. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. कुंदाबाईनं ही म्हण शंभर वेळा दुसऱ्यांना ऐकवली असेल.

चारू पाच वर्षांची होती त्या श्रावणात ते सगळं घडलं. कानबाईचे दिवस होते. खानदेशात कानबाई म्हणजे घरची लाडकी पाहुणी. नागपंचमीनंतरच्या रविवारी तिला बसवायचं, सोमवारी वाजतगाजत पोचवायचं. तिचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या करायच्या, त्या फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी खायच्या. त्या रोटांसाठी गहू आणि हरभऱ्याची डाळ आदल्या दिवशी मोजून घ्यायची, तीही घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन, प्रत्येकाची सव्वा मूठ. पोरींच्या नावाची मूठ नसते. लेक दुसऱ्याच्या कुळात जायची, तिची मूठ तिकडे.

तर कुंदाबाई पाटावर बसून नावं घेत होती, आणि सात वर्षांच्या हितेंद्रनं हट्ट धरला की त्याच्या कुत्र्याच्या नावानंही मूठ घाल. मोती नावाचं लाल पिल्लू होतं. सासू म्हणाली, असं चालत नाही. हा जमिनीवर लोळला, डोकं आपटलं, टोपली लाथाडीन म्हणाला. शेवटी रतिलालच म्हणाला, "घाल बाई, कानबाई काही रागावणार नाही." आणि कुंदाबाईनं कुत्र्याच्या नावानं सव्वा मूठ घातली. चारू बाजूला बसली होती. डावा तळवा कानावर धरून, मान तिरपी करून ती सगळं बघत होती. तिनं आपली मूठ मागितली नाही. ती एवढंच म्हणाली, "आई, कानात पाणी आहे."

कुंदाबाईनं वाकून पाहिलं. पाणी नव्हतं, पिवळट काहीतरी होतं, आणि वास येत होता. अंगणवाडीतली बाई ती, तिला कळलं नाही असं कसं म्हणावं. "कानबाई झाली की दवाखान्यात जाऊ," ती म्हणाली. लसूण घालून तेल कोमट केलं, दोन थेंब टाकले, कापसाचा बोळा बसवला.

मंगळवारी मोतीनं हितेंद्रला पोटरीला कडकडून चावलं. ज्याच्या नावाची मूठ घातली त्यानंच. त्या काळी पिसाळलेल्या कुत्र्याची इंजेक्शनं पोटात घ्यावी लागत, रोज एक, चौदा दिवस. हितेंद्र सुई बघण्याआधीच किंचाळायचा. त्याला एसटीत चढवायचं म्हणजे दोन माणसांचं काम. चौदा दिवस रोज कुंदाबाई त्याला घेऊन पारोळ्याच्या दवाखान्यात गेली. चौदाही दिवस चारू ओट्यावर उभी राहून त्यांना जाताना बघायची. चौदातल्या एकाही दिवशी कुंदाबाई तिला म्हणाली नाही की चल, तुझाही कान दाखवू. त्याच दवाखान्यात. दोन खोल्या सोडून.

दोघांना कशी सांभाळू, असं ती स्वतःला सांगायची. पंधराव्या दिवशी तिनं विचारलं, "दुखतं का गं?" चारू म्हणाली, "नाही आता." उशीची खोळही स्वच्छ होती. झालं. कुंदाबाईनं सुटकेचा निःश्वास टाकला. पुढच्या जूनमध्ये अंगणवाडीत ताटली वाजली तेव्हा चारूच्या मागे ती वाजवायची राहून गेली. ती तर घरचीच.

पोरं मोठी झाली. हितेंद्र जळगावला पाइपांच्या कंपनीत लागला, चांगला आहे, मायाळू आहे, आरडाओरडा तेवढा अजून करतो. चारू शिकली, लग्न होऊन धुळ्याला गेली. नवरा कुंदन, त्याचं औषधांचं दुकान. लग्नानंतर वर्षभर कुंदनला वाटायचं की बायको मधूनमधून रुसते. हाक मारली तर उत्तरच नाही. मग एकदा त्याच्या लक्षात आलं की डावीकडून मारली तरच उत्तर नाही. तो तिला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. कुंदाबाई तेव्हा धुळ्यातच होती, तीही गेली.

डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, पडदा फार जुना फाटलेला आहे, आतली हाडंही झिजलीत, आता फारसं काही होणार नाही. मग विचारलं, "लहानपणी कान वाहायचा का? बरेच दिवस?"

खोलीत चौघं होती. सगळे कुंदाबाईकडे बघत होते.

"नाही हो डॉक्टर," कुंदाबाई म्हणाली. "कधीच नाही. मी अंगणवाडीत आहे, मला कळलं असतं ना."

डॉक्टरांनी चारूकडे पाहिलं. चारू म्हणाली, "मलाही काही आठवत नाही."

त्या दिवसाला पाच वर्षं झाली. जावयासमोर मान खाली जाऊ नये म्हणून ती खोटं बोलली, दुसरं काही नाही. एवढं साधं आणि एवढं लाजिरवाणं कारण. पोरीनं आपल्याला सांभाळून घेतलं की तिला खरंच आठवत नव्हतं, हे मात्र कुंदाबाईला कळेना. विचारायची छाती होईना.

दिवस गेले, चारूला मुलगी झाली. पणजीच्या नावावरून दीपमाला ठेवलं, हाक मारायला दिपू. दिपू चार महिन्यांची झाली तेव्हाच रात्रभर झोपायला लागली. ते ऐकून कुंदाबाईला चारूचे चार महिने आठवले.

यंदा जूनमध्ये अंगणवाडी सेविकांचं प्रशिक्षण होतं. जळगावहून सारिका मॅडम म्हणून एक तरुण बाई आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "घरात दोन मुलं असली तर आईबाप दोघांना सारखं वाढवतात का?" सगळ्या सेविका एका सुरात हो म्हणाल्या. कुंदाबाईचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मॅडम म्हणाल्या, नाही. मूल स्वभाव घेऊन येतं. तो आईबापांच्या रक्तातूनच येतो, पण एकदा आला की तोच स्वभाव आईबापांना नाचवतो. रडकं मूल आईला उठवतं, शांत मूल आईला झोपवतं. आपण म्हणतो आम्ही पोराला घडवलं, पण पोरंही आपल्याला घडवत असतात. म्हणून गप्प मुलाकडे मुद्दाम बघावं लागतं, कारण ते बघायला लावत नाही.

मग त्यांनी एक काम दिलं. आठवडाभर ज्या पोराचं नाव तोंडातून निघेल त्याच्या नावापुढे खडूनं रेघ ओढायची. शनिवारी कुंदाबाईनं फळ्याकडे पाहिलं. एका वांड पोराच्या नावापुढे रेघांची झुडपं माजली होती. तीन नावांपुढे एकही रेघ नव्हती. त्यातलं एक नाव वाचून तिला त्या पोरीचा चेहरा आठवेना. रोज तिच्या हातची खिचडी खाणारी पोर, आणि चेहरा आठवेना. कुंदाबाईनं फळा पुसला आणि खुर्चीवर बसून रडली. मंजुळाबाईनं विचारलं, "काय व्हयनं?" ती म्हणाली, खडू डोळ्यांत गेला.

आणि त्याच महिन्यात चारूचा फोन आला. तिला धुळ्यातल्या एका शाळेत नोकरी मिळत होती. दिपूला कुठं ठेवायची हा प्रश्न. कुंदन म्हणत होता, पाळणाघरात ठेवू. चारूनं थांबून थांबून विचारलं, "पंधरा दिवस तुझ्याकडे ठेवून बघू का? मग कानबाईला मी येईन तेव्हा ठरवू."

कुंदाबाईला नात हवी होती. जीव तुटेपर्यंत हवी होती. पण त्या "बघू"मध्ये काय काय आहे, ते तिला फोनवरही ऐकू आलं. कान तिचे दोन्ही चांगले होते.

आषाढात, कानबाईच्या पंधरा दिवस आधी, दिपू आली. कुंदाबाईनं पंधरा दिवस तिच्यावरची नजर हलू दिली नाही. जेवताना, झोपताना, अंगणवाडीत. मंजुळाबाई चिडवायची, "पोरवर इतला पहारा? तिजोरी शे का ती?"  पोर झोपली की कुंदाबाई तिची उशी उचलून खोळ बघायची.

कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी, घर भरलं. हितेंद्र जळगावहून आला आणि दारातूनच चहा, टॉवेल, चार्जर अशा तीन हाका मारल्या. दीर अमृत आणि त्याची बायको लताबाई आली. दुपारी चार वाजता कुंदाबाई न्हाऊन, धूतवस्त्र नेसून पाटावर बसली. रोटांच्या दळणासाठी चक्की आज मुद्दाम धुवून ठेवलेली असते, ती सहाला बंद व्हायची होती. आणि मूठ घालायला बसलं की पूर्ण करूनच उठायचं, मोडायची नाही, हा घरचा नेम. तिनं रतिलालचं नाव घेतलं, सव्वा मूठ घातली. अमृतचं घेतलं. हितेंद्रचं नाव घेऊन मूठ भरली आणि सहज दिपूकडे पाहिलं.

दिपू सकाळपासून त्या डाळीच्या परातीजवळच खेळत होती. आता भिंतीला टेकून बसली होती. तोंड उघडं होतं. श्वास तोंडानं चालला होता. एका नाकपुडीतून बारीक पाणी गळत होतं.

"काय झालं गं दिपू?"

"काही नाही," दिपू म्हणाली.

तीन वर्षांची पोर, आणि आवाज असा की सव्वीस वर्षांपूर्वी ओट्यावरून आला असावा. कुंदाबाईच्या हातातली मूठ सुटली, डाळ पाटावर सांडली. ती उठली.

"अक्का, मूठ मोडू नको," लताबाई म्हणाली. "चक्की बंद व्हई जाई. पोर काय रडत शे का? आधी पूर्ण कर."

"रडत नाही म्हणूनच," कुंदाबाई म्हणाली, आणि पोरीला दारात उजेडात नेऊन तिचं डोकं मागे केलं. नाकपुडीत आत, खूप आत, हरभऱ्याची डाळ. सकाळी घातली असणार. ओलीनं टम्म फुगली होती.

"हितेंद्र, गाडी काढ."

"आई, चहा तरी..."

"चहा मेला. गाडी काढ."

हितेंद्रनं आईचा हा आवाज जन्मात ऐकला नव्हता. त्यानं मुकाट्यानं गाडी काढली. पारोळ्याच्या डॉक्टरांनी दिपूला मांडीवर धरायला सांगितलं आणि बारीक आकडीनं डाळ बाहेर ओढली. मिनिटभराचं काम. "केव्हा गेली होती?"

"सकाळी."

"आणि रडली नाही?"

"आमच्यात रडत नाहीत," कुंदाबाई म्हणाली.

डॉक्टर हसले. "राहिली असती तर आत सडली असती, नसता ताप झाला असता. बरं लक्ष होतं तुमचं, आजी."

लक्ष होतं. परत येताना गाडीवर, दिपूला मधे घट्ट धरून, कुंदाबाईला ते दोन शब्द टोचत राहिले. म्हणजे बघितलं असतं तर तेव्हाही दिसलं असतं. अवघड काहीच नव्हतं. मान वळवायची होती, बस.

घरी येऊन ती पुन्हा न्हाली, पुन्हा पाटावर बसली, पहिल्यापासून मुठी घातल्या. चक्कीवाल्यानं तिच्यासाठी अर्धा तास वाट पाहिली. त्याचाही कान लहानपणी तिनंच पकडलेला. मंजुळाबाईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "कानबाईनी पहिला निवद पोरनी नाकवाटे घिदा." घर हसलं.

दिवेलागणीला चारू धुळ्याहून आली. हितेंद्रनं दारातच तिला सगळी कथा हातवारे करून सांगितली. चारूनं दिपूला उचललं, तिचं नाक पाहिलं, आणि बाहेर ओट्यावरच्या खाटेवर जाऊन बसली. थोड्या वेळानं दिपू तिच्या मांडीवर झोपली. कुंदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"तिनं सांगितलं नाही तरी तुला दिसलं?" चारूनं विचारलं.

"हो."

चारूनं दिपूच्या केसांतून हात फिरवला. मग म्हणाली, "मी उशी उलटी करायचे."

कुंदाबाईला कळलं नाही. मग कळलं, आणि तिनं तांब्या खाली ठेवला.

"सकाळी तू यायच्या आधी. डाग खालच्या बाजूला जायचा. तू दादाला घेऊन रोज दमून यायचीस. म्हटलं, कशाला." चारू हे रागानं बोलत नव्हती. पावसाचं, पिकाचं बोलावं तसं बोलत होती. "आणि तरी वाटायचं, आई उशी उलटून बघेल."

म्हणजे सगळं आठवत होतं. डॉक्टरसमोरही आठवत होतं. आईचं खोटं उघडं पडू नये म्हणून पोरीनं आपल्या खोट्यानं ते झाकलं होतं. पाच वर्षांची असताना उशी उलटी केली, सव्वीस वर्षांची असताना पुन्हा तेच केलं, आणि दोन्ही वेळा आई निर्धास्त झाली.

आता बोललं पाहिजे, हे कुंदाबाईला समजत होतं. खाटेवर चारूच्या उजवीकडे जागा होती आणि डावीकडेही होती. कुंदाबाई डावीकडे बसली. चुकून नाही. चांगलं समजून-उमजून बसली. आणि चारूच्या त्या मेलेल्या कानाजवळ, पदर तोंडाशी धरून, हळू आवाजात बोलली, "त्या डॉक्टरसमोर मी खोटं बोलले. तुझा कान वाहत होता, मी डोळ्यांनी पाहिला होता. चौदा दिवस दवाखान्यात गेले आणि तुला नेलं नाही. तू रडली असतीस तर नेलं असतं. तू रडली नाहीस, त्याचा मी फायदा घेतला."

बोलून झालं. बत्तीस वर्षं ताटली वाजवणाऱ्या बाईला कुठल्या कानाशी काय बोललं की ऐकू जात नाही, हे बरोबर माहीत होतं. छातीवरचं ओझं क्षणभर उतरल्यासारखं वाटलं, आणि लगेच स्वतःची शिसारी आली.

"काय म्हणालीस?" चारूनं मान न वळवता विचारलं.

"काही नाही गं. उद्याच्या भाजीला गंगाफळ आणायचं राहिलंय."

चारू वळली. तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं. पदर अजून तिथंच होता. "तोंड झाकून गंगाफळाबद्दल कोण बोलतं, आई? एक कान गेला की माणूस तोंडं बघायला शिकतं."  तिनं झोपलेल्या दिपूला मांडीवर नीट घेतलं. "दिपूला इथं ठेवायची की नाही, ते आज ठरवायचं होतं ना? मग या बाजूला ये, आणि जे बोललीस ते परत बोल. मला ऐकायचं आहे. मला हवं आहे ते."

मला हवं आहे. हे शब्द चारूच्या तोंडून त्या घरानं कधी ऐकले नव्हते. खाऊ मागितला नव्हता, मूठ मागितली नव्हती, दवाखाना मागितला नव्हता. एकतीस वर्षांनी पोरगी पहिल्यांदा काही मागत होती.

तेवढ्यात घरातून हितेंद्र ओरडला, "आई, माझा टॉवेल कुठं आहे? आई, ए आई!"

कुंदाबाई खाटेवरून उठली. सवयीनं तिचे पाय दाराकडे वळले, दोन पावलं पडलीही. तिसरं पडलं नाही. आत हितेंद्र हाका मारत राहिला. कुंदाबाई वळली, खाटेला वळसा घालून पलीकडे गेली, चारूच्या उजव्या बाजूला बसली, तोंडावरचा पदर काढला, आणि मोठ्यानं, पहिल्यापासून सांगायला लागली.